झाकणाचा स्क्रू

२ ऑक्टोबर २००५, रविवार

आणलं एकदाचं! कल्याणहून येताना एसटीत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. आत एक जुनं ग्राफिक्स कार्ड आणि रॅमची एक पट्टी — दोन्ही वापरलेली. गौरीत काढलेल्या मेंदीचे पैसे त्यात गेले. दुकानातला दिपेश म्हणाला, "तुमचा पीसी गेमच्या दुकानातूनच आलेला ना? मग त्यात हे कार्ड चालेल. पण जळला तर तुमचा, माल परत घेणार नाय!"

जळला तर! मुरबाड येईपर्यंत तेच डोक्यात. बाबांनी कॉम्प्युटर मी गाड्यांच्या शर्यतीचे गेम खेळावेत म्हणून नाही घेतला. ते त्यावर लोकांचे अर्ज टाइप करतात, घर त्यावर चालतं. "झाकणाला हात लावलास तर याद राख, कुणाली!" — हे किती वेळा ऐकलंय. पण शर्यत लावली की गाडीची बैलगाडी होते. किती सोसायचं?

३ ऑक्टोबर

बाबा टोकावड्याला, आई शिवणाच्या क्लासला. झाकण काढलं. पट्टी दोनदा उलटी धरली. दिपेशने सांगितलं होतं, खट्ट वाजलं की बसली. वाजलं! बटण दाबलं — सुरू!! काय पळाली गाडी! एकटीच ओरडले.

पण झाकणाला मुळात एकच स्क्रू उरला होता, तोच सापडत नाही. पलंगाखाली आडवी होऊन शोधलं. झाकण नुसतं लोटून ठेवलंय. बाबांनी वाकून बघितलं तर?

७ ऑक्टोबर

बाबा बटण दाबतात तेव्हा मी झाकणाकडेच बघत बसते. आज म्हणाले, "हल्ली लवकर चालू होतो हा." मी उठून भांडी घासायला गेले. घासलेलीच होती.

१२ ऑक्टोबर, दसरा

आईने विळी, कोयता, शिलाई मशीन, कॉम्प्युटर — सगळं पुजलं. हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. पूजेतल्या वस्तूला आज हात लावायचा नाही. बरंच झालं! एक दिवस धाकधूक नाही.

१३ ऑक्टोबर

मेले. बाबांनी बटण दाबलं — लांब बीप. परत लांब बीप. पडदा काळा. रेशनकार्डाचे साठ अर्ज आत आहेत, सोमवारी द्यायचेत. बाबा खुर्चीतून उठेचनात. माझ्याच पट्टीने जाळला!

१४ ऑक्टोबर

बाबा आईवर उखडले. "कुंकू कालवून थापलंस, पाणी गेलं आत! विळी हाय का ती?" आई म्हणाली, "चुकलं माझं." बस्स. मी समोर जेवणाचं ताट घेऊन उभी. भित्री कुठली! लाज वाटते स्वतःची.

मागून आईने हळूच विचारलं, "कुणाले, थोडं वलं आत लागलं तरी बिघडतं का गो?" म्हटलं, माहीत नाही.

रविवारी बाबा कल्याणला नेणार. तिथे उघडला की कार्ड दिसणार, पट्टी दिसणार. आई सुटेल. माझं काय होईल?

१५ ऑक्टोबर

सांगणार होते. बाबांना पाण्याचा तांब्या दिला आणि आत पळाले.

१६ ऑक्टोबर, रविवार

बाबा कल्याणला जायची जीप बघायला नाक्यावर गेले. तेवढ्यात पट्टी आणि कार्ड काढून लपवायचं ठरवलं. हो, लपवायचंच! झाकण सरकवलं.

आत पट्टीवर कुंकवाचं बोट. कार्डावरही. पट्टी एका बाजूने वर आलेली आणि खाचेत तांदळाचा दाणा!

दारात आई. "नवी वस्तू आली ना घरात. बिनकुंकवाची कशी ठेवायची? झाकण सैलच होतं. तुला बाबांना सांगायचं नव्हतं, म्हणून मी पण नाय बोलले."

म्हणजे हिला ठाऊक होतं. तरी निमूट बोलणी खाल्ली! मला रडू आवरेना. दोघींनी मिळून सुईने दाणा काढला, पट्टीला खोडरबर घासला, परत खट्ट बसवली. बटण. छोटासा बीप — सुरू! साठच्या साठ अर्ज जागेवर.

आई म्हणाली, "आता नको सांगू. झालं ना चालू." पण आज नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही मी.

१६ ऑक्टोबर, दुपार

सांगितलं. कार्ड, पट्टी, तांदूळ, सगळं. बाबांनी ऐकून घेतलं आणि शर्टाच्या खिशातून स्क्रू काढून माझ्या हातावर ठेवला.

"तीन तारखेलाच पायाला लागला. तू सांगशील म्हणून थांबलो. आईवर ओरडलो ना, तवा तुझ्याकडंच बघत होतो."

मी तेव्हा ताटाकडे बघत होते.