चौदा हजार लिटरचा हिशेब

१२ एप्रिल
चौथा दिवस, नळ कोरडा. गावाची टाकी एक लाख लिटरची, असं तिच्या पोटावर निळ्या रंगात लिहिलंय. कोणी लिहिलं म्हणून खरं मानायची मला सवय नाही. ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. स्वतः मोजणार.

१३ एप्रिल
पद्धत ठरली. फोटोग्रामेट्री. मोबाईलने चोहोबाजूंनी फोटो काढायचे, सॉफ्टवेअर ते जुळवून लॅपटॉपवर हुबेहूब आकार उभा करतं. शिडी नको, सरपंचाची परवानगी नको. बायकोने, उमाने, विचारलं, मोजल्यावर पाणी येईल का? प्रश्न गैरलागू.

१७ एप्रिल
तीनशे फोटो. मॉडेलमध्ये शेजारचा लिंब टाकीला चिकटला. टाकीला शेपूट. दोष लिंबाचा.

२१ एप्रिल
शेपूट गेलं. नवी अडचण: आकार कळतो, माप कळत नाही. त्यासाठी फोटोत ठाऊक लांबीची एक वस्तू हवी. उमा म्हणाली, टेप लावा. उन्हात स्टीलची टेप वाढते, हे तिला सांगितलं. माणूस वाढत नाही. सबब मीच टाकीच्या खांबाला टेकून उभा राहिलो. पाच फूट आठ इंच. चपला काढल्या. तो एक इंच माझा नाही, घेणार नाही. तळपाय भाजले. फोटो उमाने काढले. उंचीचा आकडा टाकताना तिने दोनदा विचारलं, नक्की ना? म्हटलं, लग्नाच्या बायोडाट्यात आमच्या काकांनी स्वतःच्या हाताने लिहिलीय. ती भाजी बघायला गेली.

२२ एप्रिल
एक लाख चौदा हजार लिटर!! मग टाकी भरली की दर खेपेला वरचे चौदा हजार जातात कुठं? सरपंच अप्पारावांची मोसंबी या उन्हातही हिरवीगार आहे. मी आरोप करत नाही. दोन वाक्यं शेजारी ठेवतोय.

२५ एप्रिल
स्वतःला विचारलं, माझं तर चुकत नाही ना? निर्दोष माणसाला चोर म्हणणं पाप. कॅमेऱ्यावर शंका घेतली, सॉफ्टवेअरवर घेतली, टाकीच्या भिंतीच्या जाडीवर घेतली. सगळं नव्याने केलं. एक लाख चौदा हजारच. शंका घ्यायला आता काही उरलं नाही.

२८ एप्रिल
अप्पाराव चहाच्या टपरीवर भेटले. कानावर गेलेलं दिसतंय. म्हणाले, सर, लोक कमी बांधलं म्हणून बोंबलतात, तुम्ही जास्त बांधलं म्हणून बोंबलून राह्यले. आन् चूक निघाली तर? चारचौघांत सांगून टाकलं: निघाली तर टाकी मी स्वतः धुईन. खराटा घेऊन.
निघणार नाही.

१ मे
ग्रामसभा, शाळेत. मॉडेल भिंतीवर दाखवलं. टाळ्या. मोसंबीचा विषय काढला. माना अप्पारावांकडे वळल्या. मग अप्पारावांनी विचारलं, माप कशावरून धरलं? माझ्या उंचीवरून. ते उठले. पोरांची उंची मोजायला भिंतीवर पट्टी रंगवलीय, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, या की मंग सर, पाठ बराबर लावा. टाचा खाली.
पाच फूट पाच.
पट्टीवर आक्षेप घेतला. टेप आणली. पाच फूट पाच. वाढलेली टेप माप कमी दाखवते, हे शास्त्र सांगून पाहिलं. तीन इंच न्हाई खात टेप, म्हणाले. खाली मान घालून हिशेब केला. तीन इंचांची चूक लांबी, रुंदी, उंची तिन्हींत शिरली होती. टाकी बरोबर एक लाखाची. मनात चोर म्हटलं होतं, म्हणून माफी मागितली. मनातल्या मनात.
उमाला लग्नातच कळलं होतं म्हणे. अंतरपाटाच्या वर नुसता फेटा दिसत होता. एकोणीस वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणाली, टाकी मोजायची वेळच कुठं आल्ती.

४ मे
टाकी धुतली. शब्द म्हणजे शब्द. गुडघ्यापर्यंत गाळ. गुडघाही आता तीन इंच खाली आलाय, असं वाटलं. अप्पाराव वरच्या झाकणातून ओरडले, सर, आवाज द्या, दिसून न्हाई राह्यले! झाकणाशी आत सोडलेली शिडी धरून बसलेली उमा हसली. इतकी की शिडी हलली. आवाज दिला नाही. घासत राहिलो.
एक मात्र नोंदवून ठेवतो. आत उभं राहून पाहिलं, तर टाकी एक लाखाहून चांगलीच मोठी वाटते.