पुढच्या खोलीची नोंद

टिळकवाडी, बेळगाव
८ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप आप्पांस,
भैरवीचा शि. सा. नमस्कार.

काकूचं गुडघ्याचं औषध बसमधून पाठवलं आहे. फोनवर बोलायचा धीर होत नाही, म्हणून लिहिते.

तुमच्या घरपट्टीचा फॉर्म मी भरला. त्यात घराची मापं आणि वापर मालकानंच लिहायचा असतो. नगरपालिका विश्वास ठेवते. पुढच्या खोलीसमोर मी ‘राहण्यासाठी’ लिहिलं. मालुबाई तिथं भाड्यानं शिवणकाम करतात, पण दुपारी आपल्यातच जेवतात, त्यामुळे ते दुकान आहे हे डोक्यातच आलं नाही. दुकानाला पट्टी जास्त.

पट्टी भरा, तरच गटार मागायला तोंड राहील, असं तुम्ही घरोघर फिरून सांगितलंत. गटार झालं, दिवे आले. आता माझ्या खोट्या नोंदीखाली तुमची सही आहे. कुणी बोट दाखवलं तर गल्लीत तुमचा शब्द राहील का? मला जेवण जात नाही. काय करू, ते कळवा.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची पुतणी,
भैरवी

निपाणी
१५ एप्रिल

चि. भैरवीस अ. उ. आ.

आधी जेव. काकू म्हणते, पोरगी लई भित्री, आप्पावर गेली न्हाय.

नगरपालिकेत जाऊन नोंद बदलली. मालुबाईंना भाडं वाढणार नाही म्हणून सांगितलं, तर त्या भलत्याच खूश. आता दुकान झालंच आहे तर पाटी लावू का, विचारतात.

खिडकीवरच्या कारकुनानं कन्नडमध्ये विचारलं, मास्तर, आणखी काही राहिलंय का. राहिलंच होतं. माडीवरची खोली बांधून नऊ वर्षं झाली. ती मी फॉर्मात एकदाही दाखवली नाही, घरोघर फिरत होतो तेव्हाही. तू माझ्या जुन्या कागदावरून मापं घेतलीस, तुला कसं कळणार? तुझं पत्र खिशात होतं, म्हणून मी खरं बोललो. आता माप घेऊन सोमवारी बोलावलं आहे. मागचं सगळं दंडासकट भरेन.

रविवारी गल्लीच्या बैठकीत हे सांगणार आहे. तू येऊ नकोस. तुझ्यासमोर जड जाईल.

आशीर्वाद आहेतच.
आप्पा

टिळकवाडी, बेळगाव
१८ एप्रिल

तीर्थस्वरूप आप्पांस,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. गटारासाठी दारोदार जाणं यापेक्षा सोपं होतं, हे मला कळतं.

तुमचं पहिल्यांदाच ऐकत नाही, रागावू नका. रविवारी पहिल्या बसनं येते. बैठकीत मागे बसेन. नंतर माडीवर जाऊ. टेप मी आणते, दुसरं टोक तुम्ही धरा.

तुमची,
भैरवी