शेगडीजवळची जागा

४ जानेवारी १९९७, शनिवार

शाळेतून आठवड्याची रजा काढली आणि नामपूरहून सकाळच्या एसटीने नाशकात आले. स्टँडवर सुवर्णा उभी होती. डी.एड.ला आम्ही एका बाकावर बसायचो. सव्वीस वर्षं झाली, तरी लांबूनच चालीवरून ओळखली. तिचा नवरा ज्ञानेशही आमच्याच वर्गातला, मास्तरांच्या नकला करून वर्ग डोक्यावर घेणारा.

घर पंचवटीत, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, घाट दिसतो. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघते. बाजरीची गरम भाकरी, कांद्याच्या पातीचा झुणका. मजा आली. ज्ञानेश शाल गुंडाळून शेगडीजवळ बसला होता. फार वाळलाय. हात हातात घेतला तर बर्फ. म्हणाला, यशोदा आली, आता बरं वाटेल.

५ जानेवारी

सकाळी घाटावर फिरून आलो. ज्ञानेश आला नाही. सुवर्णा मला दर वेळी त्याच्या शेजारीच बसवते, स्वतः लांब दारापाशी बसते. तो बोलताना माझा हात धरून ठेवतो. जुना मित्र, काय म्हणणार? अंगात हुडहुडी भरली आहे. दोन गोधड्या घेतल्या तरी जात नाही.

७ जानेवारी, मंगळवार

ज्ञानेशच्या चेहऱ्यावर तरतरी आली आहे. पण तो जेवत नाही. ताट वाढलं जातं, तसंच उचललं जातं. त्याच्या खुर्चीखालची फरशी सारखी ओली असते. मी निखाऱ्यांवर हात धरला, धग लागलीच नाही.

दुपारी खाली फुलं घ्यायला गेले. फुलवाल्या विमलाबाई म्हणाल्या, "बरं झालं ताई, तुम्ही आल्या. साहेब गेल्यापास्नं वहिनी कुणाला घरात घेत नव्हत्या."

कोण साहेब, म्हणून विचारलं. त्यांनी पुलाकडे बोट केलं. श्रावणातला पूर. तिसऱ्या दिवशी प्रेत सापडलं. तिरडीवरचे हार त्यांनीच ओवले होते.

मी म्हणाले, आत्ताच त्याच्याशी बोलून आले. विमलाबाईंनी धीर द्यायला माझा हात धरला आणि दचकून सोडला.

वर येऊन सुवर्णाला विचारलं. तिने नाकारलं नाही. तेराव्याला तो दारात उभा राहिला, म्हणाली, कुडकुडत. "त्याला ऊब लागते गं. पाच महिने मी दिली." बाह्या सरकवून हात दाखवले. कोपरापर्यंत निळे. "माझ्यात आता उरली नाही, यशा. तुझ्याशिवाय हक्काने कुणाला बोलावणार होते?"

८ जानेवारी

पहाटे पिशवी घेऊन निघाले. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले आणि पाय गेले. सुवर्णाने हळूच उचलून आणलं, शेगडीजवळ बसवलं. तो शेजारी. डावा हात त्याच्या हातात. सोडवता येत नाही—

संध्याकाळी ती खाली जाऊन आली. बूथवरून माझ्या हर्षालीला फोन केला म्हणे. आई आजारी आहे, ये. मी ओरडले. आवाज फुटला नाही. माझी एकुलती एक पोर. वीस वर्षांची—

९ जानेवारी

पहाटे त्याची पकड सैल झाली, तशी सरपटत दारापर्यंत आले. कडी घातली. दाराला पाठ लावून बसलेय. पेन धरवत नाही. ज्ञानेशच्या गालांवर लाली. हसतोय. नकला करतोय. सुवर्णा म्हणते, मी नाही उघडणार. तूच उघडशील.

दुपार—

जिन्यात पावलं. हर्षाली. दार वाजवतेय. "आई, काय झालंय? उघड ना."

फटीतून तिची ऊब येतेय. पाठीला लागली. पाच दिवसांत पहिल्यांदा—

परत जा म्हणायचंय. तोंडून थांब निघालं.

बोटं कडीवर— नको, पोरी, मागे हो— किती गरम आहेस गं तू, किती—