चार फुटांची टाकी

एकोडी,
दि. ५ जानेवारी २०२५

चि. अश्वजित यास आजी सत्यभामाचे अ. आ. व जयभीम.

वि. वि. तुझे पत्र पोचले. फोनवर मला निस्ता भुंगा ऐकू येतो, म्हणून तू कागद लिहितोस हे बरे करतोस. श्यामराव गुरुजींनी दोनदा वाचून दाखवले. हे पत्रही तेच लिहून राहिले आहेत. मी बोलते ते धुऊन, वाळवून, घडी करून कागदावर ठेवतात.

तर तुला समुद्राचे मासे घरात पाळायचे आहेत. आपल्या सात पिढ्यांत कोणी समुद्र पाहिला नाही, अन् तू नागपुरात मीठ विकत आणून समुद्र कालवणार. कालव बापा. दुकानदार म्हणतो नवशिक्याने मोठी टाकी घ्यावी, तुझा जीव दोन फुटांच्या टाकीवर, आणि न्यायाला बोलावले मला.

दुकानदार खरे बोलतो. तुझा आजा शेतातल्या बोडीच्या खोल पाण्यात मासोळ्या सोडायचा. चैतात बोडीतल्या मासोळ्या सुखात, आणि बाजूच्या डबक्यातल्या तोंड वर काढून जीव सोडायला टेकलेल्या. थोडे पाणी लवकर तापते, लवकर नासते. चुकायला जागा लागते, आणि तू तर चुकणारच. चार फुटांची घे. पाणी कमी झाले की वरून खारे ओतू नको, साधे ओत. वरण आटून खारट झाले तर कोणी वरून मीठ टाकते काय? पाणी उडून जाते, मीठ बसूनच राहते.

माझ्या खाटेची नेवार नवी करून घेतली. डोळ्याच्या ऑपरेशननंतर ऊन सोसणार नाही म्हणून खिडकीपासून दूरची आतली भिंत तू माझ्या खाटेसाठी राखलीस, आता कायमची इथेच राहा म्हणालास, हे मी अख्ख्या गावाला सांगून चुकले. बकऱ्या शेजारच्या तुळसाला देऊन टाकल्या. इथे माझी आता चूल तेवढी राहिली.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी आजी

नागपूर,
दि. २० जानेवारी २०२५

ती. आजीस अश्वजितचा सादर जयभीम.

वि. वि. तुझं ऐकलं. चार फुटांचीच घेतली, जवळपास अडीचशे लिटरची. दुकानदाराला तुझं वरण सांगितलं, तर तो म्हणाला आजींना दुकानातच आणून बसवा. अजून मासे नाहीत. महिनाभर नुसतं पाणी फिरवायचं, ते जीव धरण्याजोगं झालं की मगच नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची जोडी आणायची. कामावरून आलो की मी त्या रिकाम्या पाण्याकडेच बघत बसतो.

एक सांगायचं होतं. टाकीवर ऊन पडलं की शेवाळ धरतं. भरल्यावर वजन तीन क्विंटलच्या घरात जातं, मग हलवता येत नाही. आतल्या भिंतीशिवाय जागाच नव्हती. म्हणजे तुझ्या खाटेची. तू ऑपरेशनला ये, चार-आठ दिवस सोफ्यावर जमवू. नंतर तुला एकोडीलाच जास्त करमेल, असं मला वाटतं. रागावू नकोस, माप तर तूच दिलंस.

आशीर्वाद असू दे.

तुझा अश्वजित

एकोडी,
दि. २७ जानेवारी २०२५

चि. अश्वजित यास अ. आ. व जयभीम.

वि. वि. टाकी आली, ऐकून जीव थंड झाला. कुठे ठेवलीस ते काही लिहिले नाहीस. माझ्या खाटेवरून दिसेल अशी ठेव, डोळे उघडले की पहिले तुझा समुद्र पाहीन. गुरुजी वाचता वाचता मधेच चष्मा पुसत बसले, मग एकदम आशीर्वादावर आले. म्हातारे झाले बिचारे.

सानगडीचा टेम्पो दहा तारखेला ठरला. लाखोळीची डाळ बांधली, खाटही बांधली. गुरुजी म्हणतात खाट कशाला नेता, तिकडे मिळते. मी म्हटले, ती माझ्या पाठीला ओळखते.

भेटीपर्यंत लोभ जपून ठेव.

तुझी आजी

एकोडी,
दि. ३ फेब्रुवारी २०२५

चि. अश्वजितले आजीचे अ. आ. व जयभीम.

हे पत्र अंगणवाडीची तृप्ती लिहून राहिली. गुरुजीले सुट्टी देली. तृप्तीले सांगतलं, धुऊ नको, जशी बोलली तशीच लिही.

मले अक्षर येत नाही, पण कागद किती भरला ते दिसते. तुह्या कागदाची मागची बाजू पुरी काळी होती, अन् गुरुजीनं दोन बोलात संपवली. मनात तेच घोळत राहिलं. काल तृप्तीकडून वाचून घेतलं. एकदा नाही, तीनदा. मंग गुरुजीले इचारलं, तर मान खाली घालून म्हणाले, तुमच्या तोंडावरचा आनंद मोडवला नाही. म्या म्हटलं, मंग खाट बांधून होईपर्यंत वाट कायले पाह्यली?

तुह्यावर राग नाही असं लिहाले सांगणार होती, पण तृप्ती म्हणते खोटं लिहाले तिचा पेन चालत नाही. राग हाय. माप म्याच देल्लं, खरं हाय. टाकीचं देल्लं, माह्या भिंतीचं नाही. भिंत एकच हाय असं सांगतलं असतं, तर दोन फुटांचीच घे म्हटलं असतं. नासलं असतं पाणी तर नासलं असतं.

टेम्पोवाल्याले नाही म्हणून सांगतलं. खाट सोडली, होती तिथं टाकली. तुळसा बकऱ्या वापस आणून राहिली होती, म्या घेतल्या नाही. देल्लेली वस्तू वापस घ्याची रीत आपल्या घरात नव्हती. आता तुह्यापासून सुरू झाली. डोळ्याचं साकोलीच्या शिबिरात करून घेईन, तृप्ती संग येते.

टाकी हलवू नको. मासोळ्या आणाची घाई करू नको, महिना पुरा होऊ दे. दोन मासोळ्यांसाठी महिनाभर रिकामं पाणी राखून राहिला, अन् आजीसाठी भिंत पंधरा दिवस रिकामी राखता आली नाही.

लोभ असू दे. किती लिटरचा, ते आता तूच माप.

आजी
(डावा अंगठा)