सीट खचली आहे

९ मार्च
पिकअपची सीट खचली आहे. आज नक्की झालं. पूर्वी बसलो की बॉनेटच्या पुढचा रस्ता दिसायचा, आता नुसतं बॉनेट दिसतं. सव्वीस वर्षं बसतोय तिच्यावर, फोमने तरी किती सोसायचं. सकाळी फाटकाच्या खांबाला घासलो. आरसा गेला. अर्डिथला म्हटलं, खांब कलला होता. ती म्हणाली, "खांब काँक्रीटमध्ये आहे, वेंडेल." शेहेचाळीस वर्षांच्या संसारात माझी बाजू घ्यायची सवय काही तिला लागली नाही.
संकल्प: रविवारपर्यंत सीट उंच करायची. स्वतः.

१२ मार्च, गुरुवार
उशी. कोचावरची, अर्डिथच्या बहिणीने भरतकाम केलेली. गुरांच्या लिलावाला राजासारखा गेलो. येताना हरीण आडवं आलं म्हणून ब्रेक मारला, तर उशी माझ्यासकट पुढे सटकली. पोटावरचा पट्टा थेट छातीपर्यंत चढला. मी जवळजवळ स्टिअरिंगखाली. हरीण उभं राहून बघत होतं.
उशी बाद.

१५ मार्च, दुपारी
दोन उशा. बाद.

१९ मार्च
रोंडाच्या गॅरेजमध्ये गेलो. फक्त चौकशीला. तिचा बाप माझ्या वर्गात होता, गॅरेज आता ती बघते. माझी योजना सांगितली: सीटचे बोल्ट काढायचे, खाली लाकडाचे ठोकळे ठेवायचे, लांब बोल्ट पिळायचे, संपलं. ती हात पुसत म्हणाली, "लाकूड दबतं, चिरतं. मग बोल्ट ढिले पडतात. धडक बसली की सीट जागेवर राहायची नाही, तुमच्याबरोबर निघायची." पोलादी ठोकळे हवेत म्हणे, कडक बोल्ट हवेत, पट्टे पुन्हा तपासायला हवेत, पाय ब्रेकवर पुरा टेकतो का बघायला हवं, डोकं छताला लागता कामा नये. एका सीटसाठी एवढं पुराण. फोम किती दबलाय तेही तिने मोजलं. अर्धा इंच, म्हणाली. टेप जुनी असावी.
म्हटलं, विचार करतो. केला नाही.

२४ मार्च
गाई व्यायला लागल्यात, कंबर मोडली आहे, तरी ठोकळे कापले. ओकचे, दोन-दोन इंच जाड. अर्डिथने दारातून विचारलं, रोंडा काय म्हणाली? म्हटलं, खूप बोलली. हे खोटं नाही.

२५ मार्च
झालं! चारपैकी तीन बोल्ट घट्ट. चौथा जवळजवळ. पिकअपची सीट म्हणजे सबंध एकच बाक, त्यामुळे अर्डिथची बाजूही वर गेली. तिचे पाय लोंबकळतात. म्हणाली, "झोपाळ्यावर बसवलंयस की काय मला?" म्हटलं, सवय होईल.

२९ मार्च, रविवार
आज लिहायचं नव्हतं.
चर्चला जाताना चौकात ट्रॅक्टर आडवा आला. ब्रेक मारला. चौथ्या बोल्टाखालचा ठोकळा चिरला आणि बाक पुढे कलंडला. अर्डिथचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. पाच टाके. मांडीवर चर्चच्या जेवणासाठी केलेल्या बटाट्यांचं भांडं होतं, ते सगळं खाली. नर्स म्हणाली, पट्टा होता म्हणून एवढ्यावर निभावलं.
ट्रॅक्टर लाल होता, मोठा होता, आणि मला उशिरा दिसला. सीट अजून पुरेशी उंच नसणार.
घरी येऊन अर्डिथने रक्ताचा ड्रेस गार पाण्यात टाकला आणि आडवी झाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

३१ मार्च
अर्डिथने अंडी नेहमीसारखी करून दिली.
संध्याकाळी टेप घेऊन आली आणि मला दाराच्या चौकटीला उभं केलं. पाच फूट सात इंच. लग्नात पाच दहा होतो. म्हणाली, "सीट नाही खचली वेंडेल, तू खचलायस." म्हटलं, पायात बूट नाहीत. "तीन इंचांचे बूट कधी घालायचास रे?"
बाहेर जाऊन गोठ्यात बसलो. गाईंना त्यांची कामं होती.

२ एप्रिल
मान्य. लिहून ठेवतो: मी तीन इंचांनी कमी झालो आहे. इतक्या मोठ्या मनाने मान्य करणारा माणूस अख्ख्या नेब्रास्कात सापडायचा नाही. अर्डिथला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग त्या मोठ्या मनाला घेऊन रोंडाकडे जा."

७ एप्रिल
गेलो. रोंडाने चिरलेला ठोकळा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. वाटलं, आता ऐकवणार. तिने एवढंच विचारलं, "अर्डिथ कशा आहेत?" म्हटलं, पाच टाके पडले.
तीन इंच मागितले. ती म्हणाली, दीडच. त्याच्यावर गेलं की पाय ब्रेकवर नीट टेकत नाही. दबलेला अर्धा इंच तेवढा नव्या घट्ट फोमने भरून काढू. मी वाद घातला नाही. दमलो होतो.

१४ एप्रिल
काम चोख. बूट घालून, पट्टा लावून बसवलं, दहा वेळा ब्रेक पुरा दाबायला लावला. मग रोंडाने बाकाला दोन्ही हातांनी गदागदा हिसके दिले. पिकअप हलली, बाक नाही. बसल्या बसल्या बॉनेटच्या पुढची जमीन दिसली. डोळ्यांत पाणी आलं. धुरळा फार होता.
अर्डिथचे टाके निघालेत. फेरी मारायला चल म्हटलं, तर ओव्हनमध्ये पाव आहे म्हणाली. ओव्हन बंद होता.
संकल्प: तिचा विश्वास परत मिळवायचा. सावकाश चालवायचं. सीटचा प्रश्न सुटल्यामुळे आता अडचण नाही.

२१ एप्रिल
लायसन्सची मुदत संपत होती म्हणून कोर्टहाउसला गेलो, लायसन्सचं काउंटर तिथेच आहे. अर्डिथ बरोबर आली. टाक्यांनंतर पहिल्यांदाच पिकअपमध्ये बसली, वरचं हँडल धरून. काउंटरवरच्या बाईला मी सीटची सगळी हकिकत सांगितली. तिने शांतपणे ऐकली, मग भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यातली चौथी ओळ वाचायला सांगितली. म्हटलं, तक्ता उंच लावलाय. तिने खाली लावला. म्हटलं, छपाई पुसट आहे. तेव्हा मागच्या खुर्चीवरून अर्डिथने ती ओळ वाचून दाखवली, आणि तिच्या खालचीही.
डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद आणा, तोवर चालवायचं नाही, असं ती बाई म्हणाली. चांगली होती, हळू आवाजात म्हणाली.
बाहेर आलो. अर्डिथने हात पुढे केला. किल्ल्या दिल्या.
तिने बाक पार पुढे ओढला. बाक एकच, त्यामुळे माझे गुडघे डॅशबोर्डला. अडतीस मैल तसाच बसलो. ती गाडी झकास चालवते. पायही ब्रेकवर पुरा टेकत होता, मी पाहिलं. अर्ध्या वाटेत म्हणाली, "इथून रस्ता किती लांबवर दिसतो रे!"
मी हो म्हटलं.