‘मर्त्य’ची नोंद

४ फेब्रुवारी
‘मर्त्य’ माझ्या वाट्याला आला! संपादकसरांनी सकाळी चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला नि म्हणाले, बाई, एवढं उरकून टाका. शब्दकोशाच्या कामात सव्वीस वर्षं गेली, पण हा शब्द हातात घेतल्यावर उगाच गार वाटलं. ऊन चिठ्ठ्यांवरून सरकत टेबलाच्या कडेला गेलं, खाली उतरलं. मी नुसती बघत बसले.

५ फेब्रुवारी
मूळ सोपं – संस्कृत ‘मृ’, मरणे. त्यातूनच मृत्यू, अमर, अमृत. खरी गंमत ‘मर्द’ची! आपल्याकडे तो फारसीतून आला. पण जुन्या इराणीत तोही ‘मर्त्य’च होता, अर्थ साधा – माणूस. म्हणजे मिशीला पीळ देणारा मर्द मुळात मरणाराच. सरांना सांगितलं. त्यांना हसू आवरेना. हसता हसता खोकला आला, तो काही थांबेना.

६ फेब्रुवारी
धाकटी बहीण चार पिशव्या घेऊन जिना चढून आली नि दारातच बसली – “मेले गं बाई!” पाणी द्यायचं सोडून मी कोरी चिठ्ठी शोधायला लागले. ती वैतागली. म्हणे, मी खरंच मेले तरी तू आधी व्याकरण टिपून घेशील.

७ फेब्रुवारी
सर आले नाहीत. खोली फार मोठी वाटली.

९ फेब्रुवारी
आले. ‘मरणारा, मरणाधीन’ असा अर्थ मी लिहिला होता. त्यांनी खोडला.
“शेळी मरते, झाड मरतं. त्यांना कुणी मर्त्य म्हणतं का?”
खरंच की! मर्त्य म्हणजे माणूसच. का, ते सुचेना. त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं – ‘मरण ठाऊक असलेला’. थोडा वेळ त्याकडे पाहिलं, मग तेही खोडलं.
“ठाऊक कुठे असतं? नुसतं ऐकून असतो आपण.”
मग चष्मा पुसत सांगितलं, डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगून महिना झाला. जायचा धीर होत नाही. वय ऐंशी, घरी कुणी नाही. आपण अजून ‘म’मध्येच, ‘ज्ञ’ काही मला दिसायचा नाही, असं ते अगदी सहज म्हणाले. मी म्हटलं, मी येते सोबत.

११ फेब्रुवारी
सर फोटोच्या खोलीच्या दाराशीच अडून बसले. आत जाईनात! शेवटी म्हटलं, आधी माझा काढू दे, काही दुखत नाही ते बघा. तिथल्या बाईंनी थोडी कुरकुर केली, पण मानल्या. थंडगार पाटीला छाती टेकवून उभी राहिले. श्वास धरा, म्हणाल्या. धरला. तेवढ्यात सगळं थांबल्यासारखं झालं – पायांखाली फरशी नाही, नुसता पांढरा उजेड. मग, सोडा.
सरही मुकाट आत गेले.

१२ फेब्रुवारी
दुपारी टेबलावरच डोळा लागला. स्वप्नात चिठ्ठ्यांचे खण उघडत होते. आत चिठ्ठ्या नव्हत्या, माणसं होती – उभी, एकामागे एक, शांत. ओळखीचं कुणीच नाही, तरी परकं वाटलं नाही. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, जरा सरकता का? मी सरकले. जागा झाली.
जागी झाले तेव्हा गालावर शाई लागलेली. सर बघून हसले.

१४ फेब्रुवारी
सरांचा फोटो स्वच्छ. खोकला दम्याचा, औषध दिलंय.
माझ्या फोटोत डाग आहे. डॉक्टर म्हणाले, तपासण्या झाल्याशिवाय काही सांगता येणार नाही.
उतरताना जिन्यात मी कठडा धरून उभी राहिले. सर एक पायरी खाली थांबले. सव्वीस वर्षं त्यांच्या तोंडी मी ‘बाई’, मी ‘तुम्ही’. आज त्यांनी हात पुढे केला.
“घाबरू नकोस गं पोरी. मी आहे ना.”