पंचवीस फ्रेम

१२ मार्च २००९, गुरुवार

गोंदियाजवळच्या या गोरेगावात माझं पहिलं स्वागत केलं ते बसस्टँडवरच्या हमालाने. दुलीचंद त्याचं नाव. खांद्यावर हिरवा दुपट्टा, समोरचा एक दात गायब. न विचारता माझी पेटी डोक्यावर घेतली आणि चालायला लागला. दिवसभर हा माणूस एकच वाक्य बोलतो, "गाडी येऊन राहिली." मग गाडी येवो न येवो.

केशोराव कटरेंचं कॅफे स्टँडच्या अगदी समोर. चार कॉम्प्युटर, चारही सरकारी ऑफिसातून भंगारात निघालेले. पोरं इंटरनेटला कमी आणि शहरात गाडी पळवायच्या गेमला जास्त येतात. पण गेम असा अडखळतो की बैलबंडी पुढे निघून जाईल. केशोरावांची अट साधी आहे. शनिवारच्या, म्हणजे एकवीस तारखेच्या स्पर्धेआधी गेम सुरळीत चालवून दाखव, मागची खोली तुझी. सध्या मी कॅफेतच बाकावर झोपणार.

खोली मिळाली की मोनालीला आणायचं. लग्नाला वर्ष होत आलं, ती देवरीला माहेरी आणि मी गोंदियात मित्रांच्या खोलीवर. समोर कडुनिंबाखाली धुरपताबाईंची चहाची टपरी आहे. त्यांनी पहिल्याच कपाला विचारलं, लग्न झालं म्हणता, मंग बायको काऊन नाही आणली जी? मी कप उचलला. होळीला दोन दिवस झाले तरी त्यांच्या कपांवर गुलाबी बोटं उमटलेली आहेत. गाव मला आवडलं.

१४ मार्च, शनिवार

चारांतला बरा कॉम्प्युटर निवडला. रॅम नावापुरती, ग्राफिक्स कार्ड नाहीच. सेकंदाला नऊ फ्रेम, म्हणजे पडद्यावर सेकंदाला नऊच चित्रं. पंचवीस झाली की डोळ्याला गाडी पळताना दिसते. नऊचे पंचवीस करायचे म्हणजे दगडाला पाझर फोडायचा, पण मी त्यातच मुरलेला आहे. नवीन काही घालता येत नसेल तर असलेलं काढायचं, हे आमच्या धंद्याचं मर्म. डोळ्याला ज्याची उणीव भासणार नाही ते आधी काढायचं.

म्हणून पहिल्यांदा सावल्या बंद केल्या. फ्रेम चौदा! केशोराव खुर्चीतून उठून पडद्यासमोर आले.

दुपारी चहाला गेलो तर धुरपताबाई डोक्यावर पदर घेऊन उन्हात. मी म्हणालो, झाडाखाली बसा ना. त्या चिडल्या. झाडाखालीच तर बसून राहिली म्हणे, सावली कुठं गेली ते तुम्हीच सांगा. कडुनिंब डोक्यावर होता आणि खाली जमीन तापलेली. ऊन अगदी माथ्यावर असेल, असं मी स्वतःला समजावलं. तीन वाजले होते.

१६ मार्च, सोमवार

आज अंतर कमी केलं. लांबचे डोंगर, शेतं, झाडं कॉम्प्युटर उगाच काढत बसतो. ते सगळं पांढऱ्या धुक्याआड टाकलं. फ्रेम एकोणीस.

संध्याकाळी पाचला बाहेर आलो. स्टँडच्या पलीकडची उन्हाळी धानाची शेतं दिसेनात. डोंगराची रेघ नाही. तिथे पांढरं काहीतरी, दुधात पाणी घातल्यासारखं. गोंदियाची गाडी त्यातून एकदम बाहेर आली, आधी आवाजसुद्धा नाही. केशोराव म्हणाले, मार्चात धुकं कायले पडून राहिलं? कुणीतरी म्हणालं, मोहफुलं वेचायला पाचोळा जाळतात, त्याचा धूर. मीही मान डोलावली. धुराला वास असतो, हे मला खोलीचा विचार करताना सुचलंच नाही.

१८ मार्च, बुधवार

जमलं! रस्त्यावरची गर्दी शंभरावरून दहावर आणली. तेवढ्याने भागेना, म्हणून चेहऱ्यांचे प्रकार चाळीसवरून एकावर. गाडी चालवताना वाटेवरच्या माणसाच्या तोंडाकडे कोण बघतं? फ्रेम पंचवीस. पोरं ओरडली.

मग नेहमीप्रमाणे कॉम्प्युटर गोठवला. गिऱ्हाइकं सेटिंगचा सत्यानाश करतात, म्हणून सगळं लावून झालं की गोठवायचं. मग कुणी काहीही करो, बंद करून चालू केला की पुन्हा जसाच्या तसा. सोडवायला पासवर्ड लागतो. आधीचा टेक्निशियन पासवर्ड घेऊन पळाला होता, म्हणून केशोरावांनी शक्कल काढली. अर्धा मी टाकायचा, अर्धा त्यांनी, एकमेकांकडे पाठ करून. लॉकरच्या दोन किल्ल्यांसारखं. माझा अर्धा कुठला ते सांगायला नको. नाव टाकताना मी हसलो.

खोलीची किल्ली मिळाली. मोनालीला लगेच फोन केला, शनिवारी दुपारच्या गाडीने निघ. तिने लाल बॅग काढली म्हणे, माझ्या आईने दिलेली, बंदाला पिवळी दोरी बांधलेली. मी आज फार आनंदात आहे.

१९ मार्च, गुरुवार

बाजाराचा दिवस. बाजार नाही.

सात-आठ दुकानं. बाकी ताडपत्र्या अंथरलेल्या, वांगी मांडलेली, तराजू टांगलेले, माणूस नाही. धुरपताबाईंची शेगडी पेटलेली, चहा उतू चाललेला. मी उतरवला. हाका मारल्या.

दुलीचंद समोरून आला. हिरवा दुपट्टा, पडलेला दात. मागून सायकलवर दुलीचंद आला. भाजी विकायला दुलीचंद बसला होता. लुगडं नेसून नळावर पाणी भरत होता तोही.

कॅफेत केशोरावांच्या खुर्चीत केशोरावांचा चष्मा लावून बसलेल्याने मान वर केली. मी म्हणालो, केशोराव, तुमचा अर्धा पासवर्ड सांगा, हात जोडतो. तो म्हणाला, "गाडी येऊन राहिली."

सावल्या. डोंगर. माणसं. मी काढत गेलो त्याच क्रमाने.

सगळं परत चालू केलं. शंभर, चाळीस, सावल्या, सगळं. सेटिंग लागू व्हायला कॉम्प्युटर पुन्हा सुरू करावा लागतो. केला. पुन्हा दहा. पुन्हा एक. गेमच पुसून टाकला. चालू केला तर गेम जागेवर. मीच गोठवलाय. माझ्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

२० मार्च, शुक्रवार

मोनालीला फोन लागत नाही. रेंज नाही. तिला सांगायचंय, येऊ नको.

कोहमाऱ्याच्या रस्त्याने चालत निघालो. पांढऱ्यात शिरलो, बराच चाललो, आणि स्टँडवरच बाहेर आलो, उलट्या बाजूने. तीनदा.

मला काही होत नाही. का ते कळलं. गेमसमोरच्या खुर्चीत मीच बसतो, दुसरं कुणी नाही. खेळणाऱ्याला गर्दीत मोजत नाहीत.

दुपारी कॉम्प्युटरची वायर उपटली. बाहेर सगळे थांबले. एकाचा पाय हवेत. नळाचं पाणी धरून राहिलेलं. दुलीचंदच्या उघड्या डोळ्यावर माशी बसली, पापणी हलली नाही, डोळ्यातून पाणी मात्र येत राहिलं. म्हणजे आत कुणीतरी आहे. त्या लुगड्यातल्या धुरपताबाई असतील. त्या चष्म्यातले केशोराव. त्यांना कळतंय. मला बघवेना. दहा मिनिटंही नाही. वायर लावली.

पासवर्ड शोधतोय. केशोरावांच्या बापाचं नाव, गावाचं, शेताचं, बैलांची नावं. नाही. नाही. मी रडतोय हे लिहायला लाज वाटत नाही.

२१ मार्च, शनिवार, सकाळ

गाडी येईल. ती उतरायच्या आत दारातच गाठायचं. त्याच गाडीने परत पाठवायचं. गाड्या बाहेर जातात, मी पाहिलंय. मीच तेवढा—

ती पायरीवरून खाली उतरता कामा नये. बस्स.

दुपार

स्टँडच्या बाकावर. वही सोबत. पांढरं तसंच.

गाडी येऊन राहिली— हे मी लिहिलं? मी असं कधी बोलत नाही—

आली. दार उघडलं. मी धावलो, पण आठजण आधीच खाली. आठही हिरवे दुपट्टे. आठही तेच तोंड. एकाच्या हातात लाल बॅग, पिवळी दोरी.

मोनाली म्हणून ओरडलो. आठही जण वळले.

लाल बॅग जवळ आली. आवाज तिचा. तिचाच. म्हणाली, दादा, संघदीप रामटेके इथंच काम करतात ना? मालक आहेत माझे.

मी म्हणालो, मीच. ती मागे सरकली. घाबरली मला. गाडीच्या काचेत पाहिलं. दात नाही. माझा हात खांद्यावर गेला, दुपट्टा—

खुर्ची. मी खुर्ची सोडून आलो.

कॅफेच्या दारातून दिसतंय. कुणीतरी बसलंय तिथे. माझा चौकड्यांचा शर्ट. मान वळवली त्याने. तोंड माझं. मोनाली तिकडेच चाललीय, बॅग सांभाळत. थांब म्हणायला गेलो तर तोंडातून तेच वाक्य. तेच. हात अजून लिहितो, तेवढं—

तो तिच्याकडे बघत नाहीये. पडद्याकडे बघतोय. आकडा इथून दिसतो. आठ माणसं वाढली. पंचवीसचे बावीस झाले.

त्याने कपाळाला आठी घातली, मी घालतो तशीच. यादी उघडली. सावल्या नाहीत. अंतर नाही. आता काढण्यासारखं एकच उरलंय. मोनाली दारात पोचली, पायरीवर, हसतेय— त्याने गर्दीवर बोट ठेवलं, दहा, आठ, पाच, मोनाली मागे फिर, मी इथे आहे, मी इथे—